काठी घ्यावी ती पाणी पाहून



शाळाप्रवेश, जातीचे दाखले, पतपेढीचे व्याज, भविष्यनिर्वाह निधीचे अर्ज अशा विषयांवर या सदरात आजवर बरेच लिहून झाले. मासे धरण्याच्या काठीवर लिहावे लागेल असे मात्र कधी वाटले नव्हते. पण नाशिक रोडच्या एका वाचकांचे पत्र आले आणि त्यातला प्रश्न पैशाचा, म्हणजे आपल्या घरचाच निघाला.

त्यांच्या मुलाने हॉटेलचा कोर्स केला. दोन वर्षांपासून तो हिमाचल प्रदेशात, कुल्लू जिल्ह्यातील तीर्थन नदीच्या काठी एका अतिथिगृहात कामाला आहे. तेथे ट्राउट मासा धरण्याच्या छंदासाठी देशोदेशींचे पाहुणे येतात. येत्या मोसमापासून पाहुण्यांना नदीवर नेऊन शिकवण्याचे काम मुलाकडे येणार असून त्याचा मेहनताना वेगळा मिळणार आहे. अट एकच, साहित्य स्वतःचे हवे. मुलाने दुकानात चौकशी केली. दुकानदाराने तीन काठ्या, तीन रिळे आणि पाच दोऱ्या अशी यादी हातावर ठेवली. वडील विचारतात, "पतपेढीतून कर्ज काढीन. पण हे सगळे लागते का?"

नाही लागत. सुरुवातीला एक काठी, एक रीळ आणि एक दोरी पुरेशी आहे. मात्र ती कोणती, हे दुकानदाराने ठरवायचे नाही. मुलगा ज्या पाण्यात उभा राहणार आहे त्या पाण्याने ते ठरवायचे. यादी फाडण्यापूर्वी तीनचे एक कसे होतात ते समजून घेऊ.

आपल्याकडे ओढ्याकाठी पोरे गळ टाकतात त्यात बांबूची काठी, तंगूस, गळाचा काटा आणि त्याला गांडूळ किंवा कणकेची गोळी असते. शिशाच्या वजनामुळे गळ लांब जातो. 'फ्लाय फिशिंग' म्हणजे माशीचा गळ याहून निराळा. त्यात आमिष म्हणजे काट्याभोवती पिसे, केस व दोरा गुंडाळून केलेली नकली माशी. पाण्यावरच्या किंवा पाण्याखालच्या किड्यासारखी ती दिसते, पण तिला वजन जवळजवळ नसतेच. फुंकर मारली तर उडेल अशी वस्तू तीस फुटांवर फेकायची कशी? तर फेकायची ती माशी नव्हे, दोरी. ही दोरी जाड असते, प्लास्टिकचा लेप दिलेली असते आणि वजन असते ते तिलाच. काठी मागे नेली की दोरी मागे उलगडते, पुढे आणली की पुढे उलगडते, आणि टोकाची माशी तिच्यामागोमाग जाऊन अलगद पाण्यावर बसते. आसूड फिरवणाऱ्याला हे लगेच समजेल.

एवढे ध्यानात आले की बाकीचा हिशेब सोपा आहे. दोरी किती जड, त्यावर काठी ठरते आणि काठीवर रीळ. दोरीला नंबर असतात. पहिल्या तीस फुटांचे वजन हा त्या नंबरांचा पाया. ३ नंबरच्या दोरीचे तीस फूट साधारण साडेसहा ग्रॅम भरतात, ५ नंबरचे नऊ ग्रॅम, ८ नंबरचे साडेतेरा ग्रॅमच्या वर आणि १२ नंबरचे सुमारे पंचवीस ग्रॅम. म्हणजे ५ नंबरची दोरी हवेत फिरवणारा माणूस सोनाराच्या आजच्या तोळ्याहूनही कमी वजन फिरवत असतो. काठीच्या मुठीजवळ तोच नंबर छापलेला असतो. काही कंपन्या ५९०-४ असे लिहितात. ते वाचायचे असे: ५ नंबरची दोरी, लांबी ९ फूट ० इंच, तुकडे ४. पाच नंबरच्या काठीवर आठ नंबरची दोरी चढवली तर काठी लुळी पडते आणि आठच्या काठीवर पाचची चढवली तर ती वाकतच नाही. फेकणारा दमतो आणि दोष आपल्या हाताला देतो. नवशिक्यांचा निम्मा त्रास या एका चुकीच्या जोडीत असतो.

नंबर कुठला घ्यायचा, हे पाण्याला विचारायचे. पाणी किती रुंद? मागे झाडे आहेत की मोकळे? वारा किती? मासा केवढा? माशी किती मोठी? या पाच प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहिली की नंबर आपोआप खाली उतरतो.

तीर्थनचेच उदाहरण घेऊ. एलटीसीवर गेलो असता ही नदी मी बंजारपासून गुशैणीपर्यंत काठाकाठाने पाहिली आहे. बर्फाचे पाणी, मोठमोठे धोंडे, धोंड्यांमागे लहान डोह आणि दोन्ही काठांवर झाडी. खाली लारजीला ती बियासला मिळते. येथला तपकिरी ट्राउट मूळचा हिमालयातला नाही. इंग्रज अधिकाऱ्यांनी विलायतेहून अंडी आणवून तो काश्मिरात १९०० च्या सुमारास आणि कुल्लूत १९०९ च्या सुमारास रुजवला. त्याला थंड, खळाळते, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. म्हणून तो आपल्या गोदावरीत जगणार नाही.

अशा नदीवर वीस-तीस फुटांपलीकडे फेकण्याची वेळ क्वचित येते. मासा बहुधा अर्ध्या-पाऊण किलोच्या आतला. पुस्तकातला विद्वान म्हणेल, ३ नंबरची साडेसात फुटी काठी घ्या, झाडीत अडकत नाही आणि लहान माशाचीही गंमत कळते. त्याचे म्हणणे खोटे नाही. पण तो पाहुणा आहे, आपला मुलगा नोकर आहे. त्याला दुपारी वाऱ्यात फेकून दाखवायचे आहे, पाणी चढले की पितळी मणी लावलेली जड माशी तळाशी न्यायची आहे आणि उद्या एखाद्या पाहुण्याबरोबर रुंद सैंजवर किंवा काश्मिरात लिद्दरवर जावे लागले तर तेथेही तीच काठी न्यायची आहे. तीन नंबरची काठी या कामांना तोकडी पडते. म्हणून माझे मत, ५ नंबर आणि लांबी साडेआठ ते नऊ फूट. लांब काठीचा आणखी एक फायदा आहे. धोंड्यांमधल्या वेगवान धारेवरून दोरी उचलून धरता येते, नाही तर धार दोरीला ओढते आणि माशी कुत्र्याच्या मागे बांधलेल्या डब्यासारखी फरफटत जाते. शहाणा मासा अशा माशीकडे बघतही नाही.

काठीच्या वाकण्याची तऱ्हाही पाहावी लागते. काही काठ्या फक्त शेंड्याला वाकतात, त्यांना जलद म्हणतात. काही मध्यापर्यंत वाकतात आणि काही पार मुठीपर्यंत. दुकानदार जलद काठी पुढे करतो, कारण ती लांब फेकते आणि महाग असते. पण नंबर तीस फूट दोरीवर काढलेला आहे हे विसरू नका. वीस फूटच दोरी बाहेर असेल तर वजनही कमी भरते आणि ताठ काठीला ते जाणवतच नाही. लहान नदीवर मध्यम वाकणारी काठी बरी. शिकणाऱ्यालाही तीच सोपी, कारण दोरी मागे ताणली गेली की हाताला कळते. घरात जलद काठी आधीच येऊन पडली असेल तर तिला एक नंबर जड दोरी लावली म्हणजे जवळच्या फेकीला ती वळते. ही तोड पुष्कळ जण करतात.

आता रीळ. पैसा येथे वाचतो. दोन फुटांच्या आतल्या ट्राउटसाठी रीळ म्हणजे दोरी गुंडाळून ठेवण्याची डबी, दुसरे काही नाही. मासा लागला की बहुतेक वेळा दोरी डाव्या हाताने ओढून घेतात, रीळ फिरतही नाही. त्याचा ब्रेक साधा, कट्कट् वाजणारा असला तरी भागते. दुकानदाराच्या यादीतले चकचकीत, दाते कापून हलके केलेले रीळ या नदीवर दागिना आहे. मात्र ते काठीच्या नंबराचे हवे. ५ नंबरची दोरी आणि तिच्यामागे पन्नास मीटर पाठची बारीक दोरी त्यावर मावली पाहिजे. आणि काठीवर चढवून, बुचाच्या मुठीखाली एक बोट धरून तोल पाहावा. शेंडा फार खाली गेला तर दिवसभरात मनगट दुखणार. हँडल डाव्या हाताला की उजव्या, हेही तेथेच ठरवून घ्यावे. बहुतेक रिळांत ते फिरवता येते आणि दुकानदार दोन मिनिटांत करून देतो.

जो पैसा रिळात वाचला तो दोरीत घाला. साधी काठी चांगल्या दोरीने बरी फेकते, पण महाग काठी वाईट दोरीने फेकत नाही. येथे तरंगणारी दोरी घ्यायची. तिच्यात दोन प्रकार मिळतात. एकात वजन पुढच्या टोकाला गोळा केलेले असते, ती लांब जाते. दुसरी दोन्ही टोकांना सारखी निमुळती असते. जवळच्या पाण्यावर ही दुसरी दोरी अलगद पडते, आणि एक टोक झिजले की उलटी करून दुसरे टोक वापरता येते. एका पैशात दोन दोऱ्या! बी.कॉम. झालेल्या माणसाला हा प्रकार आवडला नाही तरच नवल.

मग दुकानात एवढ्या नाना तऱ्हा का? कारण हा छंद निरनिराळ्या पाण्यांवर वाढला आणि प्रत्येक पाण्याने आपापली काठी मागितली. दक्षिण इंग्लंडात टेस्ट आणि इचेन या चुनखडीतून झिरपणाऱ्या नद्या काचेसारख्या स्वच्छ. तेथे मासा माणसाला आधी पाहतो, म्हणून दोरी हलकी आणि तंगूस लांब व बारीक. पण त्या नद्यांचे काठ ज्याच्या मालकीचे, मासे धरण्याचा हक्क त्याचा. सामान्य माणसाला तेथे वाव नव्हता. तो मिळाला शहरांच्या पाणीपुरवठ्याच्या तलावांवर. सॉमरसेटमधील ब्लॅग्डनचा तलाव १९०४ मध्ये आणि ग्रॅफमचा १९६६ मध्ये छंदासाठी खुला झाला. तिकीट काढावे, दिवसभर काठावर उभे राहावे. तलावावर वारा समोरून येतो आणि मासा काठापासून लांब असतो, म्हणून तेथे ६-७ नंबरची साडेनऊ-दहा फुटी काठी चालते आणि खोलात जाण्यासाठी बुडणारी दोरी लागते. स्कॉटलंडात स्पे नदीवर सामन मासा मोठा, पात्र रुंद आणि मागे उंच दरड व झाडे. दोरी मागे फेकायला जागाच नाही. मग तेरा ते पंधरा फुटांची, दोन्ही हातांनी धरायची काठी आली, आणि दोरी मागे न फेकता पाण्यावरूनच वळसा देऊन पुढे टाकण्याची रीत आली. तिला त्या नदीचेच नाव पडले. ही काठी तीर्थनवर आणली तर पलीकडच्या काठावरच्या झाडाची फळे पाडता येतील.

जाता जाता एक सांगतो. काठ्या पूर्वी बांबूच्या असत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन कारागिरांनी बांबू उभा चिरून, त्याच्या सहा त्रिकोणी पट्ट्या सरसाने जोडून काठी करण्याची कला वाढवली. त्यासाठीचा सुरुवातीचा बांबू जहाजाने कलकत्त्याहून जात असे. पुढे चीनमधील टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. १९५० मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला तेव्हा बांबू मिळेना, आणि त्याच सुमारास पुढे येत असलेली काचतंतूंची काठी बाजारात पक्की झाली. १९७० नंतर कार्बनची काठी आली. तीच आज सर्वत्र चालते. आपल्या बुरूड बांधवांच्या हातातला बांबू विलायतेत किती मोलाला विकला जाई, हे आपल्याकडे कोणी सांगितले नाही.

आता या हिशेबाची दुसरी बाजू. मुलाची बदली उद्या रामगंगेवर किंवा पंचेश्वरला झाली तर वर सांगितलेली काठी कामाची नाही. तेथे सोनेरी महाशीर आहे. हा मासा आमिष घेतल्याबरोबर धारेबरोबर खाली जी धाव घेतो ती पाहणाऱ्याच्या छातीत धडधड करते. ८ ते ९ नंबर, नऊ फूट काठी आणि सात-आठ किलो ओढ सोसणारे तंगूस लागते. येथे रीळ म्हणजे डबी नव्हे, येथे रीळ म्हणजे ब्रेक. हळूहळू घट्ट करता येणारा, झटका न देणारा चकतीचा ब्रेक हवा आणि मागे दीडशे मीटर दोरी हवी. ट्राउटला रिळात वाचवलेला पैसा येथे रिळातच घालावा लागतो.

"हलक्या काठीने मोठा मासा खेळवला, पाऊण तास झुंज दिली" अशा फुशारक्या मी ऐकल्या आहेत. त्यात मर्दुमकी कसली? पाण्याला न शोभणारी हलकी काठी घेतली की मासा लवकर ओढता येत नाही. तो थकून थकून अर्धमेला होतो आणि नंतर सोडला तरी पुष्कळदा जगत नाही. सोनेरी महाशीर आज संकटात आहे, आणि कावेरीतला कुबड असलेला महाशीर तर २०१८ पासून अतिसंकटग्रस्त यादीत आहे. पहिले शील मानणाऱ्या घरात हा छंद बसतो की नाही याचा विचार ज्याने त्याने करावा. पण पोटासाठी नदीवर उभे राहायचेच असेल तर पुरेशी दणकट काठी घ्यावी, काट्याचा उलटा दात पक्कडीने दाबून टाकावा, हात ओले करून मासा पाण्यातच मोकळा करावा. पाहुणा फोटोसाठी अडून बसला तर शिकवणाऱ्याने स्पष्ट नाही म्हणावे. मेहनतान्यात तेही आले.

समुद्राचे थोडक्यात. अंदमानात मोठ्या माशांसाठी बारा नंबरपर्यंत काठ्या वापरतात. खारे पाणी लोखंड खाते हे आपल्या गोदी कामगारांना सांगायला नको. तेथले रीळ बंद ब्रेकचे असावे आणि रोज संध्याकाळी सगळे साहित्य गोड्या पाण्याने धुवावे. कर्ज काढून हे साहित्य घेण्याचे आज काही कारण नाही.

काही वाचक विचारतील, आपल्या महाराष्ट्रात काय? आपल्या नद्यांत दख्खनचा महाशीर आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महाशीरची पैदास चालवून पिल्ले ठिकठिकाणी सोडली. महाडजवळ वाळण कोंड येथे सावित्रीच्या डोहात हे मासे गावकरी पिढ्यान्‌पिढ्या राखून आहेत. तेथे कोणी गळ टाकत नाही, टाकूही नये. एरवी धरणाच्या पाण्यावर हात बसवायचा तर ६ नंबरची काठी पुरते. पण कोणत्याही पाण्यात उतरण्यापूर्वी परवानगी कोणाची लागते ते मत्स्यव्यवसाय खात्याला विचारावे. हिमाचलातही परवाना लागतो आणि हिवाळ्यात, ट्राउट अंडी घालतो तेव्हा, बंदी असते. नेमक्या तारखा त्या त्या वर्षी खात्याकडून घ्याव्यात. मुलाने खरेदी याच बंदीच्या महिन्यांत करावी, म्हणजे मोसम उघडण्यापूर्वी मोकळ्या मैदानावर, काटा न लावता, दोरीच्या टोकाला लोकरीचा धागा बांधून हात बसवता येईल.

नाशिक रोडच्या बांधवांसाठी यादी आता अशी होते. ५ नंबरची, नऊ फुटी, मध्यम वाकणारी, चार तुकड्यांची कार्बनची काठी. चार तुकडे यासाठी की तिची नळी अडीच फुटांच्या आसपास भरते आणि एसटीत, रेल्वेत बाकाखाली जाते. साधे रीळ. दोन्हीकडे निमुळती तरंगणारी दोरी. तंगुसाच्या दोन-तीन गुंडाळ्या. तंगुसावर 'एक्स'चा आकडा असतो, तो ११ मधून वजा केला की जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मिळते. ५ एक्स म्हणजे हजारात सहा. आकडा मोठा तितके तंगूस बारीक. तीर्थनला ४ आणि ५ एक्स घ्यावे. पाहुण्यांच्या हाती देण्यासाठी दुसरी काठी लागेल, पण ती अतिथिगृहाच्या मालकाने घ्यावी. ते त्याच्या धंद्याचे साहित्य आहे, आणि ही गोष्ट मुलाने कामावर रुजू होण्यापूर्वी बोलून, शक्य तर लिहून घ्यावी.

काठी घेताना तुकडे जोडून, एका डोळ्याने शेंड्याकडे पाहावे. कड्या एका रेषेत हव्यात. कड्यांतून कापूस फिरवावा. तंतू अडकला तर कडीला चर आहे, ती दोरी कापणार. दोरी मोसमात अधूनमधून कोमट पाण्यात साबणाने धुऊन फडक्याने पुसावी, मग ती तरंगत राहते. काठी ओली असताना नळीत बंद करू नये, बूच कुजते. पावती मात्र काठीपेक्षा जपून ठेवावी. कार्बनची काठी कुठे दारात सापडून मोडेल सांगता येत नाही, आणि पावती नसेल तर बदली तुकडा देताना दुकानदार ओळख विसरतो.